धारूरवरचे ५४ सेकंद

या प्रकरणातल्या माणसाला मी शेठ म्हणणार आहे. जालन्याचे, बियाण्यांच्या धंद्यातले, वय ४७. खरं नाव द्यायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी विमानातलं एसडी कार्ड माझ्या हातावर ठेवताना घातली होती. "बाकी सगळं लिहा सर. माझी चूक झाली तिथं चूक म्हणा."

मी विमान चालवायला शिकवतो. खासगी वैमानिकाचा परवाना खिशात असताना वर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न दिसता नुसत्या उपकरणांवर उडायची परवानगी, काढायला निघालेला माणूस आपल्याकडे क्वचित भेटतो. येतात ती पोरं व्यावसायिक परवान्यासाठी. रेटिंग त्याच धबडग्यात उरकतं आणि पोरगं एअरलाइनच्या रांगेत उभं राहतं. धंदा सांभाळून रविवारी उडणाऱ्या, नोकरीची गरज नसलेल्या माणसाने तासाला पाच आकडी रक्कम मोजून डोळ्यांवर झापड बांधून विमान का चालवावं? शेठच्या बाबतीत याचं उत्तर धारूरच्या डोंगरावर आहे.

ती सकाळ

श्रावणातला रविवार. आदल्या दिवशी शेठ आमच्या संस्थेचं सेसना १७२ घेऊन लातूरला गेले होते, सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांचा मेळावा होता. रविवारी दुपारी जालन्यात घरी सत्यनारायण. म्हणजे घाई होती, पण जीव टांगणीला लागावा इतकी नाही. लातूर ते संभाजीनगर हवाई अंतर साधारण १०५ सागरी मैल, सेसनाला तासाभराचं काम. त्यांच्या लॉगबुकात तेव्हा १३८ तास होते.

हवामान त्यांनी बघितलं होतं. हे आधीच सांगतो, कारण असं काही घडलं की लोक लगेच "बघितलंच नसेल" म्हणून मोकळे होतात. फोनवर संभाजीनगरचा मेटार, म्हणजे विमानतळावरच्या हवामानाचा ताजा अहवाल, बघितला: सहा किलोमीटर दृश्यमानता, ढग अडीच हजार फुटांवर. लातूरचं आभाळ स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं: ढगांचं छत जमिनीपासून दीड हजार फुटांच्या आसपास, पाऊस नाही. मुंबईच्या फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडून एफआयसी नंबर आला, एडीसी नंबर आला, म्हणजे उड्डाणाला मंजुरी मिळाली. दोन्ही टोकं ठीक. मधल्या शंभर मैलांत ढग किती खाली आलेत हे वैमानिकाला सांगणारं मात्र कोणी नाही. बीडला विमानतळ नाही. धारूरला आहे तो किल्ला.

नकाशावर रेघ ओढली तर ती केज आणि अंबाजोगाईच्या मधून निघते, धारूर-वडवणीवरून जाते, गेवराई डाव्या हाताला ठेवते आणि शहागडच्या आसपास गोदावरी ओलांडते. लातूर समुद्रसपाटीपासून दोनेक हजार फुटांवर आहे. धारूरपाशी बालाघाटचं पठार अडीच हजारांच्या घरात जातं. जमीन अशी पाचशे फूट चढली म्हणून ढगांचं छत काही तिच्याबरोबर चढत नाही. उलट ओली हवा डोंगरावर चढताना गार होते आणि ढग आणखी खाली धरते. श्रावणात एसटीने धारूरचा घाट चढलेल्या कुणालाही हे माहीत आहे: ड्रायव्हर भर दिवसा दिवे लावतो आणि आपण "धुकं पडलं" म्हणतो. ते धुकं नसतं, ढग असतो.

शेठ समुद्रसपाटीपासून ३,४०० फुटांवर होते, छताच्या शे-दोनशे फूट खाली. डोळ्यांनी बघून उडण्याच्या नियमांत, म्हणजे व्हीएफआरमध्ये, ढगापासून उभं अंतर हजार फूट ठेवायचं असतं. जमिनीपासून हजार फुटांच्या आत आलात की हा नियम सैल होतो. ढगाबाहेर असलात आणि जमीन दिसत असली की भागतं. कागदावर शेठ या सैल पट्ट्यात होते. माणसं अडकतात ती याच पट्ट्यात.

पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलं ते असं: "सर, समोर पांढरं झालं. दहा सेकंद असेल. मी सरळच होतो, जरासा वर गेलो असेन. मग एकदम खाली शेतं दिसली. वाकडी."

शेतं वाकडी नव्हती.

कार्ड काय सांगतं

या सेसनात गार्मिनचा जी-१००० आहे. त्यात एसडी कार्ड घातलेलं असेल तर तो दर सेकंदाला उंची, वेग, दिशा, कल, सगळं टिपून ठेवतो. मी ते आकडे लॅपटॉपवर उघडले आणि शेठना शेजारी बसवलं.

ढगात राहिले ५४ सेकंद. दहा नव्हे.

पहिली वीस सेकंदं विमान बऱ्यापैकी सरळ आहे. उंची दीडशे फुटांनी वाढलेली. पांढरं दिसल्यावर हात आपोआप मागे आला असणार, सगळ्यांचा येतो. तिथून डावा पंख खाली जायला लागतो, पण इतका हळू की दोन सेकंदांना एक अंश. अडतिसाव्या सेकंदाला कल १० अंश. इथून नाक खाली, वेग वर. शेठना इंजिनाचा आवाज चढल्याचं आठवतं. आवाज चढला म्हणून त्यांनी स्टिक ओढली, आणि तिरप्या विमानात स्टिक ओढली की विमान वर न जाता वळण आणखी आवळतं. ढगाच्या तळातून बाहेर पडताना कल ३८ अंश, वेग १०२ नॉट्सवरून १३१ वर, म्हणजे मीटरच्या पिवळ्या, सावधगिरीच्या पट्ट्यात. सर्वांत खालची नोंद २,९१० फूट. खालचं पठार अडीच हजारांवर धरा आणि वजाबाकी करा.

शेठ बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले आणि मग दिशेच्या रकान्यावर बोट ठेवलं. ढगात शिरताना ३२५. बाहेर येताना २१५.

"म्हणजे मी वळलो?"

"एकशे दहा अंश."

त्यांना ते पटेना. कारण बाहेर आल्यावर खाली रस्ता दिसला, त्यावर टँकर दिसले, आणि हा बीडचाच रस्ता म्हणून ते त्याच्या कडेने दोन मिनिटं चालले होते. प्रत्यक्षात तोंड केजकडे होतं. पडद्यावरची ठरलेल्या मार्गाची जांभळी रेघ मागे पडलेली दिसली तेव्हा कुठे उजेड पडला. तिथून त्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली: पुन्हा वायव्येला तोंड न घालता सरळ लातूरला परत गेले, उतरले आणि गाडीने घरी आले. पूजा आटोपली होती, प्रसाद ठेवलेला होता.

या प्रकारात शेठचा दोष किती आणि शरीराचा किती, हे नीट बघायला हवं. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव. डोकं फिरलं की द्रव मागे रेंगाळतो, त्यातून फिरल्याची जाणीव होते. पण फिरणं फारच हळू असेल तर नळ्यांना पत्ताच लागत नाही, आणि एकाच गतीने फिरत राहिलात तर थोड्या वेळात द्रवही त्या गतीने फिरू लागतो आणि मेंदूला "स्थिर" असा निरोप जातो. जमिनीवर ही उणीव डोळे भरून काढतात. ढगात डोळ्यांना काहीच नसतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना अशा कृत्रिम ढगात घालून बघितलं होतं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत, सर्वांत लवकर २० सेकंदांत. शेठचे ५४ त्यात कुठेतरी मध्येच बसतात. म्हणून त्यांना मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही.

पण एका गोष्टीवरून मी त्यांना बोललो. त्यांच्या नाकासमोर दहा इंची पडद्यावर निळं आभाळ, तपकिरी जमीन आणि मधे पांढरी रेघ होती. कृत्रिम क्षितिज सगळा वेळ खरं सांगत होतं. मी विचारलं, तुम्ही कुठं बघत होतात?

"काचेतून बाहेर."

वहिनींचा प्रश्न

त्या रात्री शेठपुढे तीन वाटा होत्या. पावसाळ्यात उडायचंच नाही. लांबच्या कामाला व्यावसायिक वैमानिक बरोबर घ्यायचा. किंवा रेटिंग काढायचं. मी पहिली वाट सुचवली होती. शेठ म्हणाले, बियाण्यांचा धंदा पावसाळ्यात नाही तर कधी करू? शिवाय आणखी एक अडचण होती, आणि ती सगळ्या खासगी वैमानिकांची आहे: आपल्याकडे व्हीएफआर उड्डाण सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी संपतं. स्थानिक किंवा प्रशिक्षणाच्या उड्डाणाला नियंत्रण कक्ष सूट देतो, पण नांदेडहून काम आटोपून सातला निघालो, हे व्हीएफआरमध्ये होत नाही. त्याला रेटिंगच लागतं.

वहिनींचा मात्र ठाम विरोध. मी घरी गेलो तेव्हा चहाचा कप पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "सर, हे एकदा ढगात गेले तर माझा जीव अर्धा झाला. आता परत ढगात जायला पैसे भरायलेत का?"

मी तेव्हा पुस्तकी उत्तर दिलं. ढग टाळायचा राहिला आणि आत शिरलात तरी बाहेर येता आलं पाहिजे, वगैरे. त्यांचं काही समाधान झालं नाही. आता वाटतं, त्या उत्तरात अर्धी गोष्ट राहून गेली होती.

झापड

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मध्ये रेटिंगसाठीचा अनुभव दिलेला आहे: कमांडर म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबच्या दुसऱ्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण, आणि ४० तास उपकरणांवर, ज्यातला ठरावीक भागच जमिनीवरच्या यंत्रावर चालतो. शेठकडे क्रॉस-कंट्रीचे ३१ तास होते. उरलेले १९ त्यांनी दिवाळी ते संक्रांत या काळात, थंडीच्या कोरड्या हवेत पुरे केले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लेखी पेपरांबद्दलही नाही. हवामानशास्त्रात त्यांना माझ्यापेक्षा जास्त रस होता, ढगांवर पोट असलेला माणूस तो.

अडलं ते वैद्यकीयला. खासगी परवान्याला वर्ग २ ची तपासणी चालते. रेटिंग हवं असेल तर ऐकण्याची कसोटी वर्ग १ ची लागते: ५००, १,००० आणि २,००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त घट नको, ३,००० ला ५० पेक्षा जास्त नको. वीस वर्षं बियाणं साफ करणाऱ्या ग्रेडिंग मशीनच्या शेजारी उभं राहून शेठचा उजवा कान मंदावला होता. काठावर पास झाले. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो: पैसे भरायच्या आधी कान तपासा.

शिकवणीचा पहिला तास मी नेहमी एकाच खेळाने सुरू करतो. विद्यार्थ्याने डोळे मिटायचे, हात मांडीवर. मी विमान अगदी हळू एका बाजूला कलवत नेतो. "आता कसे आहोत?" "सरळ." आणखी थोडं. "आता?" "सरळच की." मग मी झटकन पंख सपाट करतो आणि विचारतो. शेठ म्हणाले, "आता उजवीकडं वळलो." डोळे उघडले तर विमान पाण्यासारखं सपाट. आधी जे सरळ वाटत होतं ते ३० अंश डावीकडे होतं. हसले नाहीत. "धारूर," एवढंच म्हणाले.

त्यानंतर हूड. टोपीला लावायची लांबट झापड, टांग्याच्या घोड्याला असते तशी. तिच्यातून पॅनेल दिसतं, बाहेरचं दिसत नाही. शेठची पहिली खोड अशी की ते एकाच गोष्टीवर डोळा रोवून बसायचे. उंची दहा फूट हलली की ती धरायला जायचे, तोवर दिशा पाच अंश सुटलेली. दिशा धरली की वेग गेला. मी म्हटलं, शेठ, गोदामात तुम्ही एकाच पोत्याकडे बघत उभे राहता का? फेरी मारता ना? तशी नजरेची फेरी. क्षितिज, मग उंची, परत क्षितिज, मग दिशा, परत क्षितिज. दर फेरीला क्षितिजावर यायचं, कारण बाकीचे आकडे बिघडायच्या आधी क्षितिज बिघडतं. हे बसायला अकरा तास लागले. माझ्या अंदाजापेक्षा जास्त, पण बसलं ते पक्कं बसलं.

खरी रखडपट्टी झाली ती होल्डिंगची.

होल्डिंग म्हणजे नियंत्रण कक्षाने "थांबा" म्हटल्यावर आभाळात एका बिंदूपाशी घालायची लांबट घिरटी. उजवीकडे वळणं, बिंदूकडे येणारी बाजू एक मिनिटाची, वळण सेकंदाला तीन अंशांचं. वारा असेल तर जाणारी बाजू कमी-जास्त करायची, दिशा वाऱ्याकडे वळवायची. आणि मुळात घिरटीत शिरायच्या तीन पद्धती, तुम्ही कुठून येता त्यावर ठरणाऱ्या. शेठ हे कागदावर माझ्यापेक्षा सुबक काढायचे. विमानात बसलं की व्हीओआरवरून, म्हणजे दिशा सांगणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून, जाताच डोकं रिकामं. चार उड्डाणं अशी गेली. पाचव्याला त्यांनी हेडसेट काढून मांडीवर ठेवला, आणि मला वाटलं सुटलं सगळं.

त्या रविवारी मी त्यांच्या शेतावर गेलो. मळणीयंत्र आल्यापासून खळं कोणी करत नाही, पण त्यांच्या वडिलांनी जुनं खळं सारवून राखलेलं होतं. मधे तिवडा नव्हता, तिथे मी पाण्याची घागर ठेवली आणि म्हटलं, हे व्हीओआर. चाला. शेठ मोबाइलवर मिनिट लावून चालायला लागले. घागरीशी आले की बोलायचे: "वेळ. वळण. जाणारी दिशा." वडील खाटेवरून बघत होते. तिसऱ्या फेरीला म्हणाले, "अरे, बैल वळताना आतला हळू आन् बाहेरचा जोरात चालतो. तू दोन्ही पाय सारखे टाकायलास."

या वाक्यात विमानशास्त्र नाही, हे मला कळतं. पण शेठचं अडलेलं तिथेच सुटलं. त्यांच्या लेखी होल्डिंग ही भूमितीची आकृती होती. त्या दिवसापासून ती घालायची फेरी झाली. पुढच्या उड्डाणात त्यांनी तीन घिरट्या घातल्या, दुसरीत वारा जास्त धरला, तिसरीत सुधारला. मी बोललो नाही.

आयएलएस, म्हणजे रेडिओ किरणांच्या आधाराने उतरणं, त्यामानाने लवकर आलं. चिकलठाण्याच्या, म्हणजे संभाजीनगर विमानतळाच्या, ०९ क्रमांकाच्या धावपट्टीकडे पश्चिमेकडून, शहरावरून उतरायचं. एक रेडिओ किरण धावपट्टीच्या मध्यरेषेचा, दुसरा तीन अंशांच्या उताराचा. वेग ९० नॉट्स धरला तर मिनिटाला साडेचारशे फूट उतरायचं. वेगाची पाचपट, हिशोब सोपा. धावपट्टीजवळ सुई नाजूक होत जाते, कारण किरण तिथे अरुंद होतो. लांब असताना जी चूक सुईभर दिसते ती जवळ आल्यावर पडदाभर होते. शेठ पहिल्या दोन खेपांना सुईच्या मागे धावले, शहरावर नागमोडी. त्यांना म्हटलं, सुई धरू नका, दिशा धरा, सुई आपण होऊन येईल.

आणि मुख्य पडदा बंद करून उडणं. मी त्या पडद्याचा उजेड पूर्ण घालवायचो, मग खालच्या छोट्या राखीव क्षितिजावर आणि होकायंत्रावर भागवायचं. शेठना हे आवडायचं नाही. तेव्हा त्यांना १ जानेवारी १९७८ ची गोष्ट सांगितली. मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७४७ वांद्र्यासमोर समुद्रात गेलं, रात्रीच्या काळोखात, २१३ माणसांसह. कॅप्टनसमोरचं क्षितिज बिघडलं होतं. शेजारी सहवैमानिकासमोर दुसरं होतं. तक्रार बंद झाली.

खरा ढग मिळाला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर आमचं सगळं निळ्या आभाळाखाली झापड बांधून चाललं होतं, आणि झापडीत एक खोट असते: कडेने थोडा उजेड येतो, सावली फिरते, मेंदू चोरून त्याचा आधार घेतो. मोसमी थरांच्या ढगात शिरलो आणि शेठनी झापड स्वतःच काढून मागच्या सीटवर टाकली. आत राखाडी, काचेवर पाण्याच्या रेघा, किंचित थरथर. तेरा मिनिटं होतो आत. त्यांची नजर एकदाही काचेकडे गेली नाही. बाहेर आल्यावर कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "किती सेकंद?"

चाचणी ऑगस्टमध्ये झाली. पास. लॉगबुकात उपकरणांचे ४४ तास, त्यातले १८ जमिनीवरच्या यंत्रावर. परत श्रावणच होता.

नांदेडची संध्याकाळ

रेटिंग लागू झाल्यावर पाचव्या आठवड्यात शेठ नांदेडला गेले, एकटे. काम लांबलं. सहा वाजले. आता सूर्यास्ताची अडचण नाही. आयएफआर, म्हणजे उपकरणांवर उडण्याच्या नियमांतला, प्लॅन टाकता येतो, संभाजीनगरपर्यंत ११५ मैल, इंधन पर्यायी विमानतळ आणि वर ४५ मिनिटं पुरेल इतकं. त्यांनी मला फोन केला.

"सर, मेटार ठीक आहे. संभाजीनगर ढग दोन हजारांवर, दृश्यमानता पाच. कायद्यानं जाता येतं. पण परभणीच्या बाजूला चमकायलंय."

परतीच्या पावसाचे दिवस. मी विचारलं, नुसतं चमकतंय की ढगांच्या थराआड चमकतंय?

"थराआड. वरचा भाग दिसत नाही."

इथे या प्रकरणाचं दुसरं टोक आहे. वहिनींना उत्तर देताना मी जी अर्धी गोष्ट गाळली होती ती हीच. श्रावणातला सपाट थराचा ढग आणि आश्विनातला उभा गडगडाटी ढग, दोघांना मराठीत आपण ढगच म्हणतो. पहिल्यात रेटिंग असलेला माणूस तेरा मिनिटं काय, तासभर बसू शकतो. आपल्याकडे गोठणबिंदूची पातळी सेसनाच्या उंचीच्या खूप वर असते, त्यामुळे थंड देशांतल्या वैमानिकांना ढगात पंखांवर बर्फ धरण्याची जी भीती असते तीसुद्धा इथे नाही. दुसऱ्यात कोणीच शिरत नाही, मोठी जेटसुद्धा वळसा घालून जातात. जोरदार गडगडाटी ढगापासून वीस मैल लांब राहायचं हा शिकवणीतला पाठ आहे. आत मिनिटाला हजारो फूट वर-खाली जाणारे झोत असतात, गारा असतात. वळवाच्या एकट्या ढगाला लांबून बघता येतं, टाळता येतं. परतीच्या पावसात तो थराच्या आत लपलेला असतो. जेटच्या नाकात हवामानाचं रडार असतं. आमच्या सेसनाच्या नाकात प्रोपेलर आहे. शेठ नियमाने त्या थरात जाऊ शकत होते, आणि आत गेल्यावर समोरचं काळं कोणतं आणि राखाडी कोणतं हे कळायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

गंमत अशी, २०१५ आणि २०१९ च्या दुष्काळात याच मराठवाड्यात कृत्रिम पावसासाठी विमानं ढग शोधत फिरत होती. आम्ही ढग टाळायला शिकवतो. शेठचा धंदा दोन्हींच्या मधे.

मी त्यांना जा किंवा जाऊ नका असं सांगितलं नाही. ते कमांडर होते. फक्त विचारलं की इंधन भरायच्या आधीच ठरवताय की नंतर.

"भरलंय. पण भरलंय म्हणून जायचं असं नाही ना."

थोड्या वेळाने परत फोन आला. मागे चहावाल्याचा आवाज, गाडी येण्याची सूचना. विमान नांदेडला बांधून ठेवलं होतं आणि शेठ देवगिरी एक्सप्रेसची वाट बघत फलाटावर उभे होते, जनरलचं तिकीट काढून. परभणी सोडल्यावर त्यांनी डब्याच्या खिडकीतून काढलेला व्हिडिओ पाठवला. त्यात काळोख, काचेवर आडवा पाऊस, आणि विजेच्या उजेडात क्षणभर दिसणारा ढगाचा उभा पांढरा खांब. खाली लिहिलं होतं, "याच्यात राहिलो असतो."

मी त्या संध्याकाळची नोंद म्हणून कार्ड मागणार होतो, मग लक्षात आलं, कार्डावर काही नसणार.

रात्री उशिरा वहिनींचा मेसेज आला. "गाडी घेऊन स्टेशनला चालले. पाऊस सुरू झालाय इकडं."